काचेतल्या बाळाची गुठळी हट्टी का असते?

बोट कापलं की काही मिनिटांत रक्त गोठतं. गोठणं आपल्याला दिसतं, म्हणून ते ठाऊक असतं. पण रक्तवाहिनीच्या आत झालेली गुठळी काम संपल्यावर विरघळावीही लागते, नाहीतर तिथूनच रक्ताची वाट अडेल. हे विरघळवण्याचं काम नवजात बाळाच्या अंगात मोठ्यांसारखं होत नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं किंवा आजारी बाळ ‘काचेत’ ठेवलेलं असतं, तेव्हा हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

गुठळी म्हणजे फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं आणि त्यात अडकलेल्या रक्तपेशी. हे धागे कापणारी कात्री म्हणजे प्लास्मिन. ही कात्री रक्तात उघडी फिरत नाही, तसं झालं तर रक्तस्रावच थांबणार नाही. ती प्लास्मिनोजेन या निष्क्रिय रूपात असते. रक्तवाहिनीच्या अस्तरातून येणारं टीपीए नावाचं प्रथिन गुठळीवर तिला जागं करतं. वेळेआधी किंवा भलतीकडे कापाकापी होऊ नये म्हणून आवर घालणारी प्रथिनंही सोबत असतात.

बाळाकडे या प्लास्मिनोजेनचाच साठा मोठ्यांच्या साधारण निम्मा असतो. शिवाय त्याच्या रेणूवरची साखरेची साखळी वेगळी असते, त्यात सियालिक आम्ल जास्त. त्यामुळे ते टीपीएला संथ प्रतिसाद देतं.

हे आकडे समजायला बराच काळ लागला, कारण तान्ह्या बाळाचं रक्त तपासणीला घ्यायचं तरी किती? तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच जेमतेम पाव लिटर. कॅनडातल्या हॅमिल्टन इथल्या डॉ. मॉरीन अँड्र्यू यांनी १९८७ मध्ये ११८ निरोगी बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिला दिवस, पाचवा, तिसावा, नव्वदावा आणि एकशे ऐंशीवा, अशा टप्प्यांवर थोडं थोडं रक्त घेऊन एकेक घटक मोजला. सहा महिन्यांत बहुतेक घटक मोठ्यांच्या पातळीजवळ येतात, हे त्यातून कळलं.

यावरून बाळ ‘अपुरं’ आहे असं समजणं मला चुकीचं वाटतं. त्याच्याकडे रक्त गोठवणारे अनेक घटकही कमी असतात आणि गोठणं रोखणारेही. सगळंच खालच्या पातळीवर तोललेलं असतं, म्हणून निरोगी बाळात सहसा गुठळ्या होत नाहीत. (व्हिटॅमिन के मात्र खरंच कमी पडतं. जन्मल्यावर त्याचं इंजेक्शन देतात ते म्हणूनच.)

तोल ढळतो तो आजारपणात. नाळेतून किंवा मोठ्या शिरेतून घातलेली नळी जीव वाचवते, पण काचेतल्या बाळांच्या बहुतेक गुठळ्या अशा नळ्यांभोवतीच धरतात. हार्ट अटॅकच्या रुग्णाला देतात तसं गुठळी विरघळवणारं औषध इथेही आहे. पण हे औषध स्वतः धागे कापत नाही, ते फक्त प्लास्मिनोजेनला जागं करतं. जागं करायला साठाच अर्धा असेल, तर औषध वाढवूनही किती फरक पडणार? १९९२ मध्ये अँड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत हेच दाखवलं. नवजाताच्या प्लाझ्मातली (म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवातली) गुठळी औषधाला दाद देत नव्हती, प्लास्मिनोजेन मिसळल्यावर ती नीट विरघळू लागली.

म्हणून हा उपाय हात-पाय किंवा जीवच धोक्यात असेल तेव्हाच करतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, त्यामुळे आधी टाळूवरून सोनोग्राफी करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे बघतात. आणि औषधाच्या जोडीला अनेकदा प्लाझ्मा देतात, तीन किलोच्या बाळाला साधारण ३० मिलिलिटर. तो रक्तपेढीतून आलेला, कुणा धडधाकट मोठ्या माणसाचा असतो. बाळाकडे कमी असलेलं प्लास्मिनोजेन त्या पिशवीतून येतं.