मीटर बारा दाखवतो, दिवा मात्र मिणमिणतो

जून-जुलैची मासेमारी बंदी म्हणजे डागडुजीचे दिवस. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर झापांखाली ओढून ठेवलेल्या एका फायबरच्या होडीत तांडेल काका व्होल्ट मोजायचा मीटर हातात घेऊन वैतागले होते. "मास्तर, मीटर बारा दाखवता, मग दिवो कित्याक मिणमिणता?" बॅटरी नवी, डोलकाठीवरचा दिवाही नवा. दिवा काढून तारेची टोकं तपासली की व्होल्ट पूर्ण. दिवा जोडला की काजव्याएवढा उजेड.

यात मीटरचा काही दोष नाही. तो स्वतः जवळपास प्रवाह घेतच नाही आणि प्रवाह नसेल तर गंजलेला जॉइंटही व्होल्ट खात नाही. १२ व्होल्ट, २४ वॅटचा दिवा २ अँपिअर ओढतो. म्हणजे त्याचा रोध ६ ओहम. वाटेत दीड ओहमचा खराब जॉइंट आला, की प्रवाह १.६ अँपिअरवर उतरतो आणि दिव्याला ९.६ व्होल्टच मिळतात. उरलेले २.४ जॉइंट गिळतो आणि तापतो. (हिशोब ढोबळ आहे, दिव्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो.)

म्हणून मोजायचं ते दिवा चालू ठेवून. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी दिव्याच्या प्लसवर. येईल तो आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. मग मायनसच्या तारेचंही तसंच. ही परतीची तार तपासायला भलेभले विसरतात, आणि काकांची चोरी नेमकी तिथेच सापडली.

काळी टेप सोडली तर आत हिरवी भुकटी. लीटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकलं तरी क्षार उरतात आणि हवेतली ओल ओढून घेतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते आठवा. टेपखाली ती ओल अडकून राहते. त्यात बारीक तारांचा पीळ म्हणजे कंदिलाची वातच, खारं पाणी आत चढत जातं. आम्ही तार कापत गेलो, तर चांगलं हातभर आत गेल्यावर लखलखीत तांबं दिसलं. काळ्या तांब्यावर नवा जॉइंट मारणं म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

नवी तार घ्यायची ती कल्हई केलेल्या तांब्याची. आजीच्या पितळी भांड्यांना असायचं तेच कथील इथेही गंज थोपवतं. घरातल्या वायरिंगची एकेरी जाड तार नको, इंजिनाच्या थरथरीने ती तुटते. जॉइंट दाबून बसवायचा आणि वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी. फ्यूज बॅटरीच्या प्लसला अगदी खेटून.

मला जास्त भीती वाटते ती होडीच्या तळातल्या पाण्यात बुडालेल्या प्लसच्या उघड्या जॉइंटची. ते पाणी उपसणारा पंप बंद असला तरी तिथून खाऱ्या पाण्यातून प्रवाह झिरपत राहतो, आणि नुसत्या गंजाला जितका वेळ लागला असता त्याच्या कितीतरी आधी तांबं विरघळून जातं. शिवाय बॅटरी उतरते ती वेगळीच.

संध्याकाळी दिवा लावून पुन्हा मोजलं. मायनसच्या वाटेत ०.१ व्होल्ट. काका दिव्याकडे न बघता नव्या बॅटरीकडे बघत राहिले.

"म्हणजे हिचे पैशे फुकट गेले मां!"