हेडकाम (सरळ सहा-सिलिंडर इंजिन)

एका ओळीत सहा सिलिंडर असलेल्या जुन्या मोटारीचे हेड (सिलिंडरांवर बसणारे झाकण) उतरवून व्हॉल्व्ह, सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड), गाइड (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी), रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी दांडी) व हेडपॅकिंग (हेडखालचा गळती रोखणारा थर) पूर्ववत करण्याचे काम. पिस्टन व क्रँक यांना त्यात हात लागत नाही. पिस्टनच्या रिंगाही बदलल्या तर गॅरेजमध्ये त्याला ‘हाफ इंजिन’ म्हणतात. हा भेद सर्वत्र काटेकोरपणे पाळला जातोच असे नाही.

सहा सिलिंडरांची पहिली मोटार कोणती याविषयी एकमत नाही. डच स्पायकर कंपनीची ६० अश्वशक्तीची गाडी १९०३ मधील मानतात. ब्रिटिश नेपियरने १९०४ च्या सुमारास असे इंजिन विक्रीस आणले. निर्मितीचा अग्रमान स्पायकरला व प्रसाराचे श्रेय नेपियरला, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते. सुटे होणारे हेड फोर्डच्या ‘टी’ गाडीने (१९०८) रूढ केले. त्यापूर्वी हेड व सिलिंडर बहुधा एकसंध ओतलेले असत.

मुंबईत शिवडी येथे १९२८ ते १९५४ या काळात शेवरोले गाड्यांची जुळणी होई. ज्यांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे, त्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने (स्थापना १९४४) डॉज व प्लिमथ आणल्या. या दुसऱ्या गटातील सरळ सहाच्या इंजिनांत व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच (सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागात) असून हेड म्हणजे निव्वळ झाकण. पुढील वर्णन शेवरोलेच्या १९२९ नंतरच्या, हेडमध्ये व्हॉल्व्ह असलेल्या पद्धतीचे आहे.

हेड उतरवण्याआधी कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना सिलिंडरात होणारा दाब) मोजावे : इंजिन गरम, सहाही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांतील फरक साधारण १० टक्क्यांच्या आत हवा. शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर त्यांच्यामधली पॅकिंग गेलेली असते. चमचाभर ऑइल सोडल्यावर आकडा चढला तर दोष रिंगांचा. तेथे नुसते हेडकाम वाया जाते. पुस्तिकेतील आकडा समुद्रसपाटीचा असतो. सातारा शहरात (सु. ७०० मी.) तो सुमारे ८ टक्के, महाबळेश्वरला (सु. १,३५० मी.) जवळपास १५ टक्के कमी येणारच. हे न जाणता चांगली इंजिने उघडली जातात.

हेड थंड असतानाच, कडेकडून मध्याकडे थोडे थोडे बोल्ट सैल करावेत. बारा पुशरॉड (रॉकर हलवणारे दांडे) बारा भोके पाडलेल्या पुठ्ठ्यात, पुढच्या बाजूची खूण करून, क्रमाने खोवावेत. झिजून एकमेकांना बसलेली टोके अदलाबदल झाल्यास लवकर खातात. जुन्या पॅकिंगमध्ये ॲसबेस्टॉस असते, म्हणून ती कोरडी खरवडू नये, भिजवून काढावी. हेड लांब असल्याने मध्ये वाकते. सरळपट्टीखाली दर सहा इंचांत ३ थाऊ (थाऊ : इंचाचा हजारावा भाग) व एकूण ६ थाऊपेक्षा जास्त फट दिसल्यास फेसिंग (मशिनवर पृष्ठभाग सपाट करणे) करावे.

सीटची रुंदी इनटेकला (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) सु. १.५ मिमी., एक्झॉस्टला (जळका वायू सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) सु. २ मिमी. ठेवतात, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटमधूनच निघते, म्हणून ती अरुंद करणे घातक. व्हॉल्व्ह घासून झाल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओतून काही मिनिटांत पाझर दिसतो का ते पाहावे.

कठीण धातूची वेगळी सीट (रिंग) बसवावी की नाही, हा खरा वादाचा विषय. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिशाचा थर बिडाच्या सीटला राखत असे. तो गेल्यावर एक्झॉस्ट सीट हेडमध्ये खचत जाते आणि व्हॉल्व्हची फट (व्हॉल्व्ह व रॉकर यांमधील मोकळी जागा) हळूहळू मिटते. एका मतानुसार कठीण रिंग प्रत्येक वेळी बसवावी. दुसरे मत असे, की हलक्या वापरात मूळ सीट वर्षानुवर्षे टिकते, उलट सीटसाठी खण कापताना कटर पाण्याच्या कप्प्यात शिरला तर हेडच जाते. खचणे भार व इंजिनाचे फेरे यांवर अवलंबून असल्याने गाडी कोठे चालते यावर निर्णय घेणे योग्य. पसरणी किंवा खंबाटकी घाट नेहमी चढणाऱ्या गाडीला एक्झॉस्टकडील सहा सीट बसवणे श्रेयस्कर. सांगली-मिरजेच्या सपाटीवर रविवारी निघणाऱ्या गाडीला घाई नाही.

बोल्ट मध्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळतात. शेवरोलेच्या २३५ घनइंची इंजिनासाठी शेवटचा आकडा ९० ते ९५ फूट-पाउंड. इंजिन तापवून पुन्हा आवळावे, मग फट लावावी. जुन्या २१६ घनइंची इंजिनाला गरम स्थितीत इनटेक ६ व एक्झॉस्ट १३ थाऊ. सिलिंडरांच्या जोड्या बेरीज सात येईल अशा धराव्यात : सहाव्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील तेव्हा पहिल्याची फट लावावी, तसेच पाच-दोन व चार-तीन. रॉकरच्या टोकाला खळगा पडलेला असल्यास फिलर गेजची (फट मोजण्याच्या साधनाची) पाती त्यावरून पुलासारखी जाते आणि खरी फट मोजल्यापेक्षा जास्त राहते. अशा रॉकरचे टोक आधी ग्राइंड करून घ्यावे.

कालव्याच्या पट्ट्यातील क्षारयुक्त विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये भरलेल्या गाड्यांत पाचव्या-सहाव्या सिलिंडरामागे साका साठतो. हेड खाली असतानाच तो तारेने व दाबाच्या पाण्याने काढावा.