पिकअपची उंची वाढवण्याआधी: परिवहन कार्यालयाची मंजुरी, पात्रता आणि कागदपत्रे

परतीच्या पावसाने चिखल झालेल्या पाणंद रस्त्यावरून सोयाबीन घेऊन मोंढ्याकडे निघालेल्या टू-व्हील ड्राइव्ह पिकअपचे बूड चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याला घासते, आणि मग मालक गॅरेजमध्ये जाऊन मागच्या कमान पाट्यांशी लोखंडी ठोकळे बसवून घेतो. मंजुरीचा विचार होतो तो फिटनेसला गाडी नापास झाल्यावर. हा क्रम उलटा असायला हवा.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, निर्मात्याने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्र जुळणार नाही असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली आहे. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार अशा प्रत्येक बेकायदा फेरफारासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात.

त्यामुळे पात्रतेचा प्रश्न गाडीमालकापेक्षा बदलालाच अधिक लागू होतो. झिजून बसलेले पाटे काढून त्याच मापाचे कंपनीचे नवे पाटे घालणे ही दुरुस्ती आहे. त्यासाठी मंजुरी लागत नाही, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारी तेवढ्यानेच मिटतात. त्या मॉडेलसाठी निर्मात्याने स्वतः मान्य केलेला पाट्यांचा किंवा टायरचा पर्याय असेल, तर अर्जाला आधार मिळतो. बाजारातील ठोकळे, लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारा दुवा) किंवा मोठे टायर यांना असा आधार नसतो. मालवाहू गाडीच्या टायरचे माप तर नोंदणीतच लिहिलेले असते.

हा नियम नुसता कागदी नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीवरील ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत एक बारीक दांडी जाते. माल भरला की चासी खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. ठोकळे घालून चासी दोन इंच वर उचलली आणि दांडी तशीच ठेवली, तर भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला अर्धी रिकामी भासते आणि उतारावर मागचे ब्रेक कमी पडतात. शिवाय पाटे उंच केल्याने डिफरेन्शियलचे हाउसिंग (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला फुगीर गोळा) तसूभरही वर येत नाही, ते फक्त टायरच्या उंचीनेच वर येते; म्हणजे चिखलात टेकणारा भाग होता तिथेच राहतो.

निर्मात्याने मान्य केलेला बदल करायचा असल्यास आधी अधिकृत विक्रेत्यामार्फत त्याचे लेखी पत्र मिळवावे. त्यानंतर परिवहनच्या संकेतस्थळावर वाहनातील फेरफाराचा अर्ज भरून, आपल्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात (जालन्यासाठी एमएच-21, परभणीसाठी एमएच-22, याप्रमाणे) कागदपत्रे सादर करावीत. अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा, पीयूसी, फिटनेस प्रमाणपत्र, कर भरल्याचा पुरावा, ओळख व पत्त्याचा पुरावा, निर्मात्याचे पत्र आणि चासी क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा जवळ ठेवावा. एकूण भारित वजन 3,000 किलोपेक्षा जास्त असल्यास परवानाही जोडावा. गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेचे लेखी ना-हरकत पत्र आधीच घ्यावे, कारण बहुतेकांचा अर्ज याच एका कागदावाचून अडकतो.

मंजुरी हातात आल्यावरच काम करून घ्यावे, पक्के बिल घ्यावे आणि गाडी निरीक्षकापुढे तपासणीसाठी न्यावी. तत्पूर्वी ब्रेकची दांडी आणि हेडलाइटचा झोत नव्याने जुळवून घ्यावा, कारण उंची वाढली की झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. बदलाची नोंद प्रमाणपत्रावर झाल्यानंतर त्याची प्रत विमा कंपनीला देऊन पोच घ्यावी. न कळवलेल्या बदलामुळे अपघाताचा दावा नाकारला जाऊ शकतो.