दारातली भिक्षा रस्त्यावर कशी आली

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरच्या बसथांब्यावर कोणी हात पुढे केला की आपण खिसा चाचपतो, नाहीतर नजर वळवतो. काय करावं ते सुचत नाही, कारण गावच्या माणसाला हा प्रसंग नवा आहे. मागणारा जुनाच, पण तो दारात यायचा आणि सुगीनंतर त्याची वाट पाहिली जायची.

अलुतेदार म्हणजे गावाची सेवा करून पिकातला वाटा घेणारे. त्यांच्या जुन्या यादीत सोनार, शिंपी, तेली यांच्यासोबत गोंधळी, जंगम आणि डवरी गोसावी हे भिक्षा मागणारेही आहेत. खळ्यावरच्या राशीत त्यांचा वाटा असे, आणि तो हक्काचा असे. शिवाय भिक्षा 'वाढायची' असायची. "वाढ वं माय" अशी हाक यायची. पाहुण्याच्या ताटासाठी जो शब्द, तोच झोळीसाठी. माझी आजी सुपात ज्वारी घेऊन बाहेर यायची आणि आधी विचारायची, "कोन्या गावचा गा बाप्पा?"

मग ज्वारी शिवारातून हटली, सोयाबीन आलं. ते खळ्यावरून थेट बाजारात जातं. झोळीत टाकलं तरी त्याची भाकर होत नाही. घरात मूठभर द्यायला दाणाच उरला नाही, तेव्हा मागणारा दार सोडून नाण्यासाठी थांब्यावर गेला, असं मला वाटतं.

मागणाऱ्याशी कसं वागावं याचा सर्वांत खोल विचार याच मातीत झाला. गाडगेबाबा १८७६ साली अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात जन्मले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. हातात फुटकं गाडगं, पण गावात शिरले की आधी झाडू. गाव झाडून झाल्यावरच ते भाकर घेत. पूर्णेकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत मात्र आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालताना त्यांनी कोणाकडून काम मागितलं नाही. धडधाकटाने राबावं, अगतिकाला विनाअट अन्न मिळावं, हा फरक त्यांनी आयुष्यभर जपला. वर्ध्याजवळ दत्तपूर (१९३६) आणि वरोऱ्याला आनंदवन (१९४९) इथे पुढची पायरी दिसते. यात्रांतून हात पसरणाऱ्या कुष्ठरोग्यांच्या हाती तिथे शेती आणि माग आले.

कायद्याने वेगळी वाट धरली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात असताना १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा झाला. गाणं, नाच, भविष्यकथन करून मागणंही त्यात भीक ठरलं. पहिल्यांदा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हापुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत डांबण्याची त्यात तरतूद आहे. खळ्यावरचा हक्कदार कागदोपत्री गुन्हेगार झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली, पण तो निकाल दिल्लीपुरता होता.

त्याच्या महिनाभर आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, अलुत्याच्या त्या जुन्या यादीतलेच. त्यानंतर आमच्याकडेही अनोळखी झोळी दिसली की दारं लागू लागली.

मी अजून आजीचाच प्रश्न आधी विचारते. मग पाणी, असेल ती भाकर, टेकायला ओसरी. लहान मूल एकटंच मागत असेल तर पैसे न देता १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकाला फोन लावते. परवा आलेल्या म्हाताऱ्याने गाव सांगितलं, वर गावातल्या चार घरांची आडनावंही सांगितली. त्यातलं एक आमच्या सोयऱ्यांचं निघालं.