मंद चालीत अडखळणारे बोटीचे इंजिन आणि सुईहून बारीक छिद्र

नाशिकच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर माझ्या एका परिचितांची छोटी मोटरबोट आहे. पावसाळ्याचे चार महिने ती ताडपत्रीखाली उभी होती. दसऱ्याच्या सुमारास पाण्यात उतरवली, तेव्हा तिचे फोर स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले, इंजिन भर वेगात सुरळीत चालले. धक्क्याजवळ रेस कमी केली की मात्र ते थरथरू लागे, मध्येच ठोका चुकवी आणि रिव्हर्स गिअर टाकताच बंद पडे. बोटीला ब्रेक नसतो, रिव्हर्स हाच तिचा ब्रेक असतो. त्यामुळे रस्त्यावर केवळ त्रासदायक वाटणारा हा बिघाड धक्क्यापाशी धोक्याचा ठरतो. जमलेल्या प्रत्येकाने एकच कारण सांगितले, ते म्हणजे ई-२०, वीस टक्के इथॅनॉल मिसळलेले पेट्रोल. त्यात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे, आणि अपुरे का आहे हे समजण्यासाठी मंद चालीत कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, आत काय घडते ते पाहावे लागते.

कार्ब्युरेटर म्हटले की आपल्याला शाळेतले बर्नुलीचे तत्त्व आठवते. हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल मुख्य जेटमधून, म्हणजे मोजून केलेल्या बारीक छिद्राच्या तोटीतून, वर खेचले जाते. बर्नुलीचा ग्रंथ १७३८ चा आणि व्हेंच्युरीचे अरुंद गळ्याविषयीचे लेखन १७९७ चे, म्हणजे दोन्ही गोष्टी पेट्रोल इंजिनापेक्षा जुन्या आहेत. मात्र हे वर्णन इंजिन वेगात असतानाच लागू पडते. मंद चालीत थ्रॉटलची गोल झडप जवळजवळ पूर्ण मिटलेली असते, गळ्यातून जाणारी हवा इतकी थोडी आणि संथ असते की दाबातली घट नगण्य राहते, आणि काही मिलिमीटर खाली असलेले पेट्रोल नळीच्या तोंडापर्यंत चढतच नाही. अशा वेळी इंजिनाला पेट्रोल मिळते ते एका वेगळ्या वाटेने.

झडपेच्या अलीकडे वातावरणाचा दाब असतो आणि पलीकडे पिस्टन हवा ओढत असल्यामुळे अंशतः निर्वात असते. अनेक सिलिंडरना एकच कार्ब्युरेटर असलेल्या सुस्थितीतील इंजिनात, समुद्रसपाटीला, ही तफावत पाऱ्याच्या ४५ ते ५० सेंटिमीटर स्तंभाइतकी भरते, म्हणजे वातावरणाच्या निम्म्याहून अधिक. या तफावतीचा उपयोग करण्यासाठी झडपेच्या कडेच्या लगेच पलीकडे एक सूक्ष्म छिद्र ठेवलेले असते. वाटीतले पेट्रोल पायलट जेटमधून, ज्याला आपले मेकॅनिक स्लो जेट म्हणतात, वर येते, वाटेत त्यात थोडी हवा मिसळून त्याचा फेस होतो आणि तो फेस या छिद्रातून आत ओढला जातो. किती फेस जावा हे टोकदार मिक्स्चर स्क्रू ठरवतो. त्या छिद्राच्या अलीकडे, झडपेच्या कडेला लागून, आणखी दोन-तीन छिद्रे असतात. झडप मिटलेली असताना ती वातावरणाच्या बाजूला राहतात आणि त्यांतून उलट हवा आत शिरते. झडप किंचित उघडली की तिची कड त्यांच्यावरून सरकते, तीही निर्वाताच्या बाजूला येतात आणि पेट्रोल देऊ लागतात. मंद चालीतून वेगाकडे जाताना इंजिन अडखळत नाही ते यामुळेच. या रचनेचे मला फार कौतुक वाटते, कारण एका पितळी पत्र्याची कड सरकताच तेच छिद्र आपले काम बदलते आणि त्यासाठी एकही वेगळा भाग लागत नाही.

मंद चाल बिघडली की बहुतेक जण रेसचा स्क्रू आवळून इंजिन जिवंत ठेवतात. तसे केल्याने झडप अधिक उघडते, ही मधली छिद्रे कायमची पेट्रोल देऊ लागतात, मूळ दोष झाकला जातो आणि मिक्स्चर स्क्रू निष्प्रभ होतो. मिक्स्चर स्क्रू फिरवूनही इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर झडप गरजेपेक्षा जास्त उघडी आहे अशी शंका घ्यावी.

आता ई-२० विषयी. शुद्ध पेट्रोलच्या एका ग्रॅमला जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५ ग्रॅम, म्हणजे त्याच जेटने मिश्रण साधारण आठ टक्के पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. याउलट नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथली विरळ हवा मिश्रण तीनेक टक्क्यांनी घट्ट करते. आता जेटचा हिशेब करावा. ०.४० मिलिमीटर व्यासाच्या छिद्राच्या भिंतीवर केसाच्या निम्म्याहूनही पातळ, ०.०२५ मिलिमीटरचा थर बसला, तर व्यास ०.३५ होतो आणि क्षेत्रफळ तेवीस टक्क्यांनी घटते, म्हणजे ई-२० च्या आठ टक्क्यांपेक्षा कितीतरी अधिक. मंद चालीत सिलिंडरमध्ये जुना धूर मोठ्या प्रमाणात मागे उरतो, त्यामुळे ठिणगीला मुळातच थोडे घट्ट मिश्रण लागते, आणि म्हणून एवढी तूट आली की काही ठोके पेटतच नाहीत.

हा थर मुख्यतः इंजिन बंद ठेवलेले असताना धरतो. वाटीतल्या पेट्रोलचा हलका अंश उडून जातो, उरलेल्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि तपकिरी डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. इथॅनॉल दमट हवेतले पाणी शोषते. ते मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथॅनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. इंधनाच्या नळीला चुंबक लावून हे सारे सुधारते असा प्रचार होतो, परंतु पेट्रोलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा उपयोगी परिणाम होण्याचे काहीही कारण नाही. तो पैसा वाया जातो.

परीक्षा सोपी आहे. प्लग चांगले आहेत याची खात्री करून, मंद चालीत चोक, म्हणजे हवा अडवून मिश्रण घट्ट करणारी झडप, किंचित ओढावा. इंजिन सुधारले, तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे जेट तुंबला आहे किंवा गॅस्केटमधून हवा शिरते आहे. आणखी बिघडले, तर फ्लोटची, म्हणजे वाटीत येणारे पेट्रोल रोखणारी, सुई गळते आहे का ते पाहावे. आमचे इंजिन चोक ओढताच शांत झाले. कार्ब्युरेटरची वाटी काढली तर तळाशी पाण्याचे दोन टपोरे थेंब आणि तपकिरी साय होती. पायलट जेट आकाशाकडे धरला, तेव्हा प्रकाशाचा ठिपका दिसला नाही. पोलादी तार पितळ खरवडते, म्हणून विजेच्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार क्लीनरमध्ये बुडवून आतून फिरवली, दाबाची हवा मारली, आणि सुईच्या टोकाएवढा, पण पूर्ण गोल ठिपका चमकला.

जोडणी झाल्यावर मिक्स्चर स्क्रू हलकेच टेकवून दीड फेरा उलटा सोडला आणि बोट पाण्यात असतानाच, इंजिन तापल्यावर, आवाज सर्वांत स्थिर होईल तिथे ठेवला. पाण्याबाहेर चालवल्यास इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचे रबरी चक्र जळते. आवळलेला रेसचा स्क्रू मूळ जागी आणला, रिव्हर्स गिअर टाकला, आणि इंजिन थोडे दबले तरी बंद पडले नाही. येत्या ज्येष्ठात बोट झाकण्यापूर्वी इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे आणि वाटीचा तळाचा स्क्रू उघडून उरलेले पेट्रोल डब्यात काढून घ्यायचे, असे आम्ही ठरवले आहे.