डोंबिवली स्टेशनाच्या नावाची संख्या

नऊ एकडे ओळीने लिहून त्या संख्येचा वर्ग केला की उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच.

हिची धाकटी बहीण फार जुनी. नवव्या शतकात गणिती महावीराचार्यांनी १२३४५६५४३२१ चं (सहा एकड्यांच्या वर्गाचं) वर्णन एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी संख्या असं करून ठेवलं आहे. पण या सगळ्या भावंडांना कुळाचं नाव मिळालं ते विसाव्या शतकात, आणि तेही मुंबईच्या लोकलमार्गावर. जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवरचं डेमलो स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली, असं सांगतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना या संख्यांची कल्पना तिथे सुचली, म्हणून त्या 'डेमलो संख्या'. कापरेकर जन्मले डहाणूला (१९०५), शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन, १९२९ ची पदवी मुंबई विद्यापीठाची. पुढे १९६२ पर्यंत देवळालीला मास्तरकी. नावापुढे एम.ए. नाही, पीएच.डी. तर नाहीच.

गंमत कशाने होते ते गुणाकार मांडला की दिसतं. एकड्यांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. शेवटच्या रकान्यात एक एकडा, त्याच्या डावीकडे दोन, मधोमध नऊ, मग पुन्हा उतार. हातचा कुठेच येत नाही. दहा एकडे घेतले की मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा लागतो आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब, उलटसुलट सारखेपणाही गेला.

कापरेकरांनी आणखी एक गट पाडला होता, हर्षद संख्यांचा: अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिचे मूळ अवयव ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. म्हणजे ८१ ने भाग जातो, भागाकार १२३४५६७९ चा वर्ग. एकूण विभाजक ४५. या कुळातल्या पहिल्या नऊ जणींत हर्षद तिघीच: १, १२३२१ आणि ही. बाकीच्यांना तो मान नाही.

त्या काळच्या बऱ्याच गणितज्ञांनी हे सारं किरकोळ म्हणून बाजूला सारलं. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. हे गुण संख्येचे कमी आणि दशमान पद्धतीत ती लिहिण्याचे जास्त; दहाऐवजी दुसऱ्या पायावर संख्या लिहिली की हर्षदपणाही बदलतो. तरी १९७५ साली अमेरिकी गणितलेखक मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीच्या निवृत्त मास्तरांचं नाव जगभर गेलं. चार अंकी संख्येचे अंक (सगळे सारखे नसलेले) उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करत राहिलं की शेवटी ६१७४ येतं; आज त्याला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. डोंबिवलीकरांना मात्र आपलं स्टेशन गणितात आहे, हे बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.