सुपरव्हिजनमध्ये रडू आलं तर?

सांगलीत 'सुपरवायझर' म्हटलं की लोकांना साखर कारखान्यावरचा आठवतो, नाहीतर परीक्षेच्या हॉलमधला. समुपदेशकसुद्धा कुणाकडे तरी सुपरव्हिजनला, म्हणजे आपल्या केसेस अनुभवी समुपदेशकापुढे मांडून आपलं काम तपासून घ्यायला जातो म्हटलं, की लगेच विचारतात, "म्हणजे तुमच्यावर पण साहेब असतो?" ही गफलत दोन मिनिटांत सुटते. खुद्द समुपदेशकांची होते ती चिवट आहे: सुपरव्हिजन म्हणजे आपलं स्वतःचं समुपदेशनच की काय? दोन्हीकडे दार बंद, एक बोलतो, दुसरा ऐकतो, आणि दोन्हीकडे कधीतरी डोळे भरून येतात.

एक उदाहरण रचून सांगते. गावभागातली एक तरुण समुपदेशक. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा हिच्या घरात पाणी शिरलं होतं. आता तिच्याकडे एक बाई येतात. त्यांचं शिलाईचं दुकान त्याच पुरात गेलं, आणि अजूनही पावसाची झड लागली की त्यांना झोप येत नाही. बाई पाण्याचं बोलू लागल्या की ही घाईघाईने कर्ज, नवं मशीन, मुलाची नोकरी यांवर विषय नेते. तीन सेशन असंच. मग विश्रामबागेत सुपरव्हिजनला येऊन सांगते, "मॅडम, त्या पुढंच सरकत नाहीत."

मॅडम विचारतात, "त्या पाण्याचं बोलतात तेव्हा तुझं काय होतं?" आणि हिला रडू फुटतं.

रस्ते इथं फुटतात. हे तिचं स्वतःचं समुपदेशन असतं, तर त्या घरात, आजीच्या भिजलेल्या ट्रंकेत, चिखल उपसण्यात ती हवी तितकी रेंगाळली असती. महिने लागले तरी चाललं असतं, कारण तिथं क्लायंट तीच. सुपरव्हिजनमध्ये मॅडम पाणी देतील, थांबतील. पण नंतरचा प्रश्न शिलाईवाल्या बाईंकडे वळेल: "तुला ऐकवत नव्हतं म्हणून त्यांचं बोलणं अर्धं राहिलं का? पुढच्या वेळी काय करशील?" बाकीच्या पुरासाठी तिला दुसरा समुपदेशक शोधून देतील. स्वतः ती खुर्ची घेणार नाहीत.

ही दोन्ही कामं एकाच माणसाने करावीत का, हा वाद जुना आहे. १९२० साली बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाचं पॉलिक्लिनिक निघालं. तिथं शिकणाऱ्यांसाठी तीन गोष्टी ठरत गेल्या: स्वतःचं विश्लेषण, अभ्यासवर्ग आणि देखरेखीखाली रुग्ण पाहणं. पुढे बुडापेस्टची मनोविश्लेषक मंडळी म्हणू लागली, पहिलं आणि तिसरं एकाच माणसाने करावं. शिकाऊच्या मनातल्या गाठी ज्याला ठाऊक, त्यालाच त्या कामात कुठं अडतात ते दिसणार. व्हिएन्नावाल्यांना माणसं वेगळी हवी होती. बुडापेस्टचं म्हणणं मला अजून मोहात पाडतं, पण एक गोष्ट आडवी येते. सुपरवायझर मूल्यमापन करतो, पुष्कळदा प्रमाणपत्रावर सहीसुद्धा त्याचीच असते. सही ज्याच्या हातात, त्याच्यापुढं घरचं सगळं कोण काढून ठेवेल?

गोंधळ वाढायला शास्त्रानेही हातभार लावलाय. १९७९ मध्ये समुपदेशनाच्या अमेरिकन अभ्यासक जॅनीन बर्नार्ड यांनी सुपरवायझरच्या तीन भूमिका मांडल्या: शिक्षक, समुपदेशक, सल्लागार. त्यातला मधला शब्द वाचून अनेकजण घसरतात. ती भूमिका प्रश्न विचारण्यापुरती, वर मॅडमनी विचारला तसा. अमेरिकन समुपदेशक संघटनेच्या २०१४ च्या आचारसंहितेत तर स्पष्टच आहे, की सुपरवायझरने सुपरव्हिजनला येणाऱ्याचं समुपदेशन करू नये.

हे नियम मोठ्या शहरांना सोपे. आपल्याकडे एम.ए.ला शिकवणाऱ्या मॅडमच सुपरवायझर, त्याच लग्नाच्या पंगतीत शेजारी. केस सांगताना नाव गाळूनही भागत नाही. 'मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, धाकटा मुलगा पुण्याला' एवढ्यावर मिरजेपर्यंत ओळख पटते. तपशील बदलूनच सांगावे लागतात.

सुपरवायझर होऊ पाहणाऱ्याला आपलं तत्त्वज्ञान लिहून काढायला सांगतात. बहुतेकांची पानं 'मी आश्वासक वातावरण देईन' छापाची असतात. माझंही पहिलं पान तसंच होतं, 'मन मोकळं करायची जागा' वगैरे. त्यापेक्षा समोरच्याला रडू आलं तर मी कुठवर जाईन, कुठं थांबेन आणि का, एवढं लिहिलं तर तुम्ही माणूस कसा शिकतो असं मानता आणि तुमच्या हातातल्या सत्तेचं काय करता, दोन्ही आपोआप कळतं. माझ्या पानावर आता एक प्रश्न आहे, तो मी तास संपल्यावर स्वतःला विचारते: खोलीत नसलेल्या क्लायंटबद्दल आज आपण किती वेळ बोललो? गेल्या महिन्यात एकदा उत्तर आलं, शेवटची दहा मिनिटं. समोरच्या मुलीचा त्यात दोष नव्हता. तिच्या घरचं मीच खोदून खोदून विचारत राहिले होते.